पेंढ्याचे डाग

विमानाला पोचा आला की आमच्या घरात सुतक असतं. कुणी मोठ्याने बोलायचं नाही, फोडणी चर्र वाजता कामा नये, रेडिओचं तर नावच काढू नका. ह्यांचं तोंड असं होतं, की दारात आलेला माणूस हळूच विचारतो, कोण गेलं?

गेलं कोणी नाही हो. पत्र्याला चरा गेला.

नीट सांगते. आमचे हे, म्हणजे चिंतामणी, लोट्याला एका कंपनीत मेंटेनन्सला इंजिनियर होते. तरुणपणी फ्लाइंग क्लबात विमान उडवायला शिकलेले. निवृत्त झाले आणि खोक्यांतून विमानाचे सुटे भाग मागवले. दोन माणसांचं विमान, घरी जोडायचं. आमच्या हेदवीच्या घरामागे आंब्याच्या पेट्या भरायची शेड आहे, ती विमानाने बळकावली. तेव्हापासून आंबा पडवीत आणि मी शेडमध्ये. कारण रिवेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, मारायला दोन माणसं लागतात. बाहेरून हे गन चालवणार, आतून कुणीतरी रिवेटच्या शेपटाला लोखंडी ठोकळा लावून धरायचा. कुणीतरी म्हणजे मी. त्या विमानाचा एक रिवेट दाखवा, ज्याच्यामागे माझं मनगट दुखलेलं नाही.

बरं, काम पुढे सरकेल तर शपथ. नखालाही लागणार नाही असा ओरखडा दिसला, की ह्यांच्या लेखी तो भाग बाद. शेपटीचं सुकाणू चार वेळा केलं. पहिल्याला पोचा, दुसऱ्याला चरा, तिसऱ्याला काय झालं होतं ते मला अजून दिसलेलं नाही. शेजारचा नितेश येता-जाता विचारायचा, "काकू, उडवताय कधी? की यंदा गणपतीला मखर म्हणून लावताय?" मीही हसायची.

गेल्या वर्षापासून हसू आटलं. विमान उडवायचं तर ठरावीक मुदतीने डॉक्टरांचा दाखला लागतो. ह्यांना साखर, त्यात डोळ्यांचा पडदा खराब होत चाललेला. डॉक्टर म्हणाले होते, अजून एखादा दाखला मिळेल, त्यापुढची आशा ठेवू नका. म्हणजे मिळेल त्या दाखल्यात हे विमान वर गेलं तर गेलं, नाहीतर राहिलं कोंबड्या बसायला.

आणि मला त्यात बसायचं होतं. उगाच आढेवेढे कशाला? एवढं ठोकून ठोकून केलंय, तर एकदा वरून आपली बाग, खाडी, देवळाचा कळस बघायचा होता, आणि शेजारी हे हवे होते. दुसरं काही मागितलं नाही मी त्या विमानाकडे.

शेवटी उरला फक्त उजव्या पंखाचा वरचा पत्रा. भोकं पाडून तयार होता. तो बसला की विमान झालं. तेवढ्यात श्रावणात पुण्याला लेकीकडे जायचं ठरलं, आणि तिथेच ह्यांची डॉक्टरी तपासणीही. निघताना ह्यांचा जीव पत्र्यात. भिंतीला टेकवला तर सरपटेल, जमिनीवर ठेवला तर घुशी नाचतील. म्हटलं, तुम्ही गाडीत बसा, मी बघते. आमच्याकडे ज्याला ठेच लागू द्यायची नाही ते पेंढ्यात जातं. आंबा जातो, अंडी जातात, लोणच्याची बरणी जाते. आंबा पिकत घालतात तसा मी खाली पेंढा, मध्ये पत्रा, वर पेंढा, अशी गादीसारखी आढी घातली. स्वतःवर खूशही झाले.

पुण्यात ह्यांना विचारलं, "तपासणी कशी झाली?"

"झाली," म्हणाले. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

परत येऊन पेंढा उचलला आणि बघते तर काय! काडी न् काडी पत्र्यावर पांढरट उमटली होती. ओल धरली होती त्या मेल्या पेंढ्याने. अगं बाई, आंबा वैशाखात घालतात, श्रावणात नाही, एवढंही तुझ्या टाळक्यात येऊ नये?

आता हे घर डोक्यावर घेणार म्हणून मी कोपऱ्यात उभी. तर ओरडले नाहीत. पत्रा पालथा करून पाहिला आणि म्हणाले, "असू दे." विमानाबद्दल, आणि असू दे! त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चिपळूणहून हरिश्चंद्र भावजींना बोलावलं. ते हवाई दलातून निवृत्त झालेले, आमच्या कामावर देखरेख त्यांचीच. त्यांनी पत्रा धुतला, एका कोपऱ्यात घासला, भिंग लावलं, नख फिरवलं. म्हणाले, "वहिनी, हा नुसता डाग आहे. कुठे खड्डा नाही, पत्रा खाल्लेला नाही. घासा, प्राइमर मारा. रंग चढला की देवालाही दिसायचा नाही. पंख बंद करून टाका." ह्यांनी मान डोलवली, भावजींना सोलकढी पाजली, फाटकापर्यंत पोचवलं. आणि सकाळी फोन करून नवा पत्रा मागवला!

नवा पत्रा यायला शिमगा. मग रंग, मग तपासणीवाले, मग पुन्हा पाऊस. दाखला काय तोवर ह्यांच्यासाठी थांबणार होता? मी बोलले, चिडले, जेवण टाकून बसले. ह्यांचं एकच, "डाग आहेत ना त्याला." मग मीच रोज तो पत्रा घासायला बसायची. बोटांची सालं गेली. रात्री डोळ्याला डोळा नाही. एका माणसाने आयुष्यभर एक गोष्ट मागितली आणि ती माझ्या हातून नासली, हेच डोक्यात.

एका सकाळी मात्र माझं टाळकं सटकलं. पत्र्याला प्राइमर मी आधीच मारला होता. नितेशला हाक मारून तो पंखावर चढवला, पिना लावल्या, आणि ठोकळा घेऊन पंखाखाली आडवी झाले.

"अहो, या. गन घ्या."

हे आले. खालून मला ह्यांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. "हा कुणी चढवला?"

"मी. भुताने नाही."

"काढ तो. डाग आहेत त्याला."

"भावजी काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"मला ठाऊक आहे ना, रंगाखाली काय आहे ते."

"ठाऊक असून काय करायचंय? वर गेल्यावर पंखावर बसून बघणार आहात? गन घेता, की नितेशला देऊ? आज हा पंख बंद होणार म्हणजे होणार!"

चपला मागे सरकल्या. स्टूल करकरलं.

"नको गं बंद करू," हे म्हणाले. "डॉक्टरने दाखला दिला नाही, कमल."

"झाली म्हणालात."

"तपासणी झाली. दाखला नाही म्हणाला. परत येऊच नका म्हणाला. पंख बंद झाला की विमान झालं. मग हरिश्चंद्र कुणी पायलट आणणार, तो उडवणार, आणि मी मैदानात उभा राहून हात हलवणार. अर्धवट आहे तोवर ते माझं आहे."

मग पेंढा आठवला आणि अंगाचा भडका झाला.

"आणि पेंढा? मी बोटं सोलून घेत होते, रात्र-रात्र रडत होते, ते बघत होतात ना? बरा सापडला तुम्हाला माझा पेंढा!"

"हो," म्हणाले. नुसतं हो.

खरं सांगते, त्या चपलांवर ठोकळा घालावा असं मनात आलं. लाज कशी वाटली नाही ह्या माणसाला? पण स्टुलाखाली ह्यांचे पाय थरथरत होते, ते मला दिसत होतं. वरून कुणाला दिसलं नसतं.

"विमानात जागा किती?" मी विचारलं.

"दोन."

"उडवणारा एक. उरली किती?"

"ती तुझी आहे."

"तुमची. तुम्ही बसायचं. मैदानात मी उभी राहीन. हात हलवायला मला लाज नाही वाटत."

"कमल, तुला किती—"

"मला किती काय ते मला माहीत आहे. सांगू नका. गन उचला."

मग स्टूल सरकलं, कॉम्प्रेसर घुरघुरायला लागला. माझे डोळे भरून वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता, दोन्ही हातांनी ठोकळा रिवेटला दाबून धरला होता.

"धरलंस?" ह्यांनी वरून विचारलं.

"केव्हाचं धरलंय," मी म्हटलं.