कंदिलाच्या काचेतलं पाखरू

आमच्या मास्तरांनी पुण्याहून जुनी सायकल आणली आणि त्याच आठवड्यात त्यांना माझ्या कागदी लिंबावर रोग दिसला. शिरूरच्या मिशन कंपाउंडात आमची एक खोली आणि पुढे एवढंसं अंगण. सायकलीला छपरी बांधायची तर जागा एकच, लिंबाची. मी काय दूधखुळी आहे?

पण पानं खरोखरच बिघडली होती. कोवळ्या पालवीवर चांदीच्या नागमोडी रेघा, कडा आखडलेल्या. शेजारच्या सखूबाईंनी लांबूनच हात जोडले. "मास्तरीणबाई, रातीचा नाग फिरतुया पानांवरनं."

"एवढ्याशा पानावर नाग मावतो कुठं?"

"त्याच्या मनात आलं म्हंजी मावतुया."

"नाग नाही, रोगच आहे," आमचे गिदोन मास्तर म्हणाले. "सोमवारी कुऱ्हाड मागून आणतो."

ते झाड दौंडचं. तिथल्या रेल्वे चाळीत आईनं लिंबू लावलं होतं, त्याचं बी मी लग्नात पदराला बांधून आणलं. पुढे आई गेली, चाळीतलं झाडही गेलं. राहिलं हे एवढंच. ते तोडायचं म्हटल्यावर मला राग असा आला की त्या दिवशी आमटीत मीठ पडलंच नाही.

दुपारी एक पान तोडून मी उन्हात धरलं. रेघेच्या टोकाशी, पानाच्या पापुद्र्याखाली, पिवळसर अळी! मागे तिच्या घाणीची काळी ओळ. मी पान थेट मास्तरांच्या नाकाशी नेलं. "हा तुमचा रोग. चरत चाललाय बघा."

मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. "अळी असेल तर तिचं पाखरू होईल. पाखरू दाखव, झाड राहील. पण सोमवारपर्यंत."

मी कंदिलाची जुनी काच घेतली, आत अळीवाल्या फांद्या ठेवल्या, दोन्ही तोंडांना मलमल बांधली. बहुतेक पानं वाळून गेली. एका अळीनं मात्र पानाची कड दुमडून घेतली आणि आत कोष केला. सखूबाईंचं सगळं आयुष्य मेंढरांत गेलेलं. त्या रोज कुंपणावरून विचारायच्या, "व्याली का न्हाई अजून?"

सोमवार उजाडला. कुऱ्हाड दाराशी टेकलेली. मी पाणी घेऊन आले तर मास्तर काचेपुढे उभे, मलमल सुटलेली, तपकिरीची डबी उघडी. काच रिकामी, आणि ते वाळकं पान त्यांच्याच वहाणेखाली चुरा झालेलं.

"काय झालं?"

"शिंक आली," मास्तर म्हणाले.

मी कळशी खाली ठेवली. घरात दुसरं कुणी नव्हतं. 'काही निघालं नाही' एवढंच ते म्हणाले असते, की संध्याकाळपर्यंत छपरी उभी. मी त्यांच्याकडे बघत राहिले, ते सायकलीकडे.

"होतं गं, दबोरा," ते शेवटी म्हणाले. "जिऱ्याहून बारीक. चांदीचं. आणि दोन्ही पंखांच्या टोकाला एकेक काळा ठिपका, गालबोट लावल्यासारखा. नीट बघावं म्हणून मलमल सोडली."

मला रडूच आलं. सकाळपासून त्यांच्याशी भांडायची तयारी केली होती, ती सगळी वाया गेली.

"नर व्हता का मादी?" सखूबाईंनी कुंपणावरून विचारलं.

कुऱ्हाड परत गेली. सायकल आता रात्री आमच्या खाटेशी असते आणि तिचं हँडल माझ्या पाठीत रुततं. दिवसा ती लिंबाखाली असते आणि काटे तिला सोडत नाहीत. मास्तर मुकाट्यानं पंक्चर काढतात. नवी पालवी आली की पोखरलेली पानं मी खुडून टाकते. एक पान मात्र ते दरवेळी ठेवायला लावतात.