दुसऱ्या लाईनची खंडेनवमी

विजयश्री मॅडम दर शनिवारी पिंपळे सौदागरहून चाकणच्या त्या कंपनीत कामगारांना इंग्रजी शिकवायला यायच्या. एरवी शंभर टनी प्रेसला न घाबरणारे गडी, पण इंग्रजी म्हटलं की त्यांची दातखीळ बसायची. मागच्या शनिवारी मॅडमनी 'कट बॅक ऑन' घेतलं. "एखादी गोष्ट कमी करायची असेल तिथं हे वापरायचं," त्या म्हणाल्या. "मीठ, खर्च, काहीही. चला, एकेक वाक्य करा."

गणराज छाती काढून उठला. "आय विल कट बॅक ऑन टोबॅको!" दुसऱ्या लाईनवरचा हा कंत्राटी पोरगा परभणीकडचा, कामाला चोख आणि मनाने सरळ. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या त्याच्या सुपरवायझरने, नवनाथने.

खंडेनवमीच्या सकाळी परदेशातल्या गिऱ्हाईकाशी व्हिडिओवर मीटिंग होती आणि नवनाथ उत्पादनाचे आकडे दाखवायला बसला होता. बोलता बोलता कंपनीचे मोठे साहेब म्हणाले, "वी आर कटिंग बॅक ऑन द सेकंड लाईन आफ्टर दिवाळी." मॅडमचा वर्ग सुरू होण्याआधी हे वाक्य नवनाथच्या डोक्यावरून गेलं असतं. आज शब्द न् शब्द कळला, आणि शिकलो नसतो तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

मीटिंग संपल्यावर त्याने भीतभीत विचारलं, "साहेब, कोण कोण जाणार?"

"दुसऱ्या लाईनचे कंत्राटी सगळे. आणि हे बघ, आज सण आहे. बाहेर ब्र काढायचा नाही. काढलास तर त्यांच्याबरोबर तूही."

कुरुळीतलं त्याचं घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चालत होतं. त्याने मान हलवली. स्वतःची शिसारी आली, पण मान हललीच.

बाहेर यंत्रांच्या शेडमध्ये नुसती जत्रा होती. वर्षातून हा एकच दिवस घरच्यांना आत सोडत. पोरांनी यंत्रं धुऊनपुसून लख्ख केली होती, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. गणराजच्या प्रेसपुढे तर पाहुणेच उभे होते. त्याला सोयरीक आली होती. मुलीचे वडील उद्धवराव गावाहून खास होऊ घातलेल्या जावयाचं काम बघायला आले होते, आणि मुलगी, वर्षाली, खाली मान घालून प्रेसला हळदकुंकू वाहत होती.

"हे आमचे सर," गणराजने नवनाथला पुढे ओढलं. "मामा, आता मला इंग्रजी बी येतंय. आय विल कट बॅक ऑन टोबॅको!"

"म्हंजी काय ओ, साहेब?" उद्धवरावांनी कौतुकाने नवनाथलाच विचारलं.

"कमी करणार," नवनाथ म्हणाला. "तंबाखू कमी करणार."

"झ्याक! पर खरं सांगा साहेब, पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय. नोकरी पक्की हाय न्हवं ह्याची?"

पलीकडच्या यंत्रापाशी मोठे साहेब नारळ फोडत होते. त्यांनी वळून पाहिलं. नवनाथच्या जिभेवर खरं आलं होतं, अगदी दातांपर्यंत आलं होतं. सांगावं तर आपली चूल विझते, न सांगावं तर या पोरीच्या गळ्याला फास. विहीर आणि आड, दोन्ही त्याच्याच पायाशी.

"पोरगा लाखात एक आहे," तो म्हणाला. हेही खरंच होतं, म्हणूनच त्याला जास्त लाज वाटली.

उद्धवरावांना तेवढं पुरलं. सुपरवायझरचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यांनी प्रेसपुढच्या तबकातलं कुंकू बोटावर घेतलं आणि गणराजच्या कपाळाला लावलं. "ठरलं मग! दिवाळी झाली की बार उडवू."

गणराजने वाकून त्यांना नमस्कार केला, मग नवनाथलाही केला. उठताना लाजत, हळूच म्हणाला, "सर, दिवाळीनंतर मला सुट्टी लागंल. द्याल ना?"

"मिळेल," नवनाथ म्हणाला.

"नक्की ना? लाईन बंद पडंल म्हणून नाही म्हणू नका हं."

"नाही म्हणणार नाही," नवनाथ म्हणाला, आणि गणराजने हातावर ठेवलेला पेढा तोंडात घातला.