चादरीतले आठ धागे

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दुधात पाणी नसलं तरी मला दिसतं.

आमच्या गावातल्या बुधवारा पेठेमागे पप्पांचा पॉवरलूमचा कारखाना आहे. तिथलं जेकार्ड, म्हणजे कापडात नक्षी उठवणारं यंत्र, बावीस वर्षं लोटूकाका सांभाळतात. यंदा मी इंदूरहून कॉम्प्युटर शिकून आले आणि नक्षीची फाइल बनवणारा प्रोग्राम स्वतः लिहिला. माझ्या लॅपटॉपवर तो चोख चालला. मग कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर फाइल बनवून पहिली चादर विणली, तर काठावरची केळीची पानं मध्येच बाजूला घसरली. दुसऱ्या चादरीतही तेच. लोटूकाकांच्या जुन्या नक्ष्या मात्र बिनचूक निघत होत्या.

जुनं सगळं बरोबर आणि नेमकं माझंच चूक? म्हाताऱ्याला कॉम्प्युटर नकोय, हे मी तेव्हाच ओळखलं. मग मी पाळत ठेवली. ते यंत्रामागे एकटेच उभे राहत, चादरीवर खडूने खुणा करत, आणि मी आले की छोटी वही खिशात घालत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"काका, वहीत काय लिहिता?" मी विचारलं.

"काही नी ताई. पुरं झालं की दाखवतो."

काका यंत्रात मुद्दाम गडबड करतात, असे मी पप्पांचे कान भरले. त्यांना पटेना, पण मी पिच्छा सोडला नाही. शेवटी वैतागून ते म्हणाले, "लोटू, इच्छापुरला चल, देवीसमोर शपथ घे. नाही तर उद्यापासून येऊ नको." बावीस वर्षं राबलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं, आणि मला तेव्हा बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

रविवारी आम्ही तिघं गेलो. देवळाच्या पायऱ्या चढताना काका दोनदा बसले. नारळावर हात ठेवून म्हणाले, "माय, मी यंत्रात काही केलं असंल तर माझे हात झडू दे." खाली उतरल्यावर त्यांनी प्रसाद आधी माझ्या हातावर ठेवला. मी तोही संशयानेच खाल्ला.

सोमवारी त्यांनी वही माझ्यापुढे उघडली. "ताई, अख्ख्या चादरीत सात जागी घसरते. दर टायमाला आठच तार. कमी नी, जास्ती नी. मी गडबड केली असती तर इतकी मोजून झाली असती का?"

आठ धागे. माझ्या फाइलमध्ये दर आठ धाग्यांसाठी एक आकडा असतो, एक बाइट. मी फाइलचा आकार पाहिला. हवा होता त्यापेक्षा बरोबर सात बाइट जास्त.

लिहिण्यासाठी फाइल उघडताना ती बायनरी, म्हणजे मजकूर नसून नुसते आकडे आहे, हे मी प्रोग्रामला सांगितलंच नव्हतं. कारखान्यातला कॉम्प्युटर विंडोजचा. त्याने तिला साधा मजकूर समजून, जिथे जिथे दहा हा आकडा आला तिथे ओळ संपली असं धरलं आणि त्याच्याआधी आपल्या पदरचा एक तेरा घुसवला; त्यासरशी पुढची नक्षी आठ धागे सरकली. माझ्या नक्षीत दहा सात वेळा येत होता. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्याला ही लुडबुडीची खोड नाही.

मी प्रोग्राममधली ती एक ओळ दुरुस्त केली, फाइल पुन्हा बनवली. तासाभरात केळीची पानं सरळ रांगेत विणून आली. पप्पांनी चादर पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, चूक माझी होती," मी म्हटलं. "तुम्हाला शपथ घ्यायला लावली. माफ करा."

काकांनी काठावरून अंगठा फिरवला. "शपथेचं काही नी ताई. हात साफ होते, घेतली. पन त्या दिवशी देवीसमोर तुम्ही बी बाजूलाच उभ्या होत्या. तुमच्या हातून काही चुकलं का, हे तुम्हाला कोनी विचारलं नी."