आयातचे वाळे

इशरतने रिकाम्या खुर्चीवरची धूळ ओढणीने पुन्हा एकदा पुसली.

कातळावरच्या मांडवात बाकीच्या खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या. दोनशे वर्षांपूर्वी विकायला नेत असलेल्या पाच हबशी गुलामांनी गलबताच्या नांगराचा दोर कापला, गलबत खडकावर आदळलं आणि ते फुटलेल्या फळ्यांना धरून पूर्णगडच्या अलीकडच्या या गावात शिरले. गावाने त्यांना लपवलं. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या इशरतने हे खोदून काढलं, आणि आज त्यांच्या आठवणीच्या दगडावरचा पडदा उघडायचा होता.

शोध छापून आल्यापासून लपवणारी घरं वाढत वाढत बावीस झाली होती. म्हणजे त्या पाच जणांना रोज बिऱ्हाड बदलावं लागलं असणार. बावीसही घरांचे वारस ऐटीत पुढे बसले होते. पहिल्या ओळीतली पहिली खुर्ची अर्थातच इशरतच्या घराण्याची.

पळून आलेले पाचही जण इथेच राहिले, इथेच त्यांचे निकाह झाले. पण त्यांचे वारस कोण, असं विचारलं की प्रत्येक जण शेजारच्या घराकडे बघे. रिकामी खुर्ची त्या वारसांसाठीच होती.

"फुफी, ती खुर्ची उचलू?" पहिल्या ओळीतल्या घराण्याच्या खुर्चीवरून उठून आलेला तिचा भाचा अली म्हणाला. "फोटोत दात पडल्यासारखी दिसते."

"त्यांच्यातलं कुणी बसलंच नाही, तर हा दगड आपल्याच कौतुकाचा होईल."

"होऊ दे की. वर्गणी आपलीच हाय."

तेवढ्यात अलीची बायको फिजा तान्ह्या आयातला घेऊन आली. पोरीच्या पायांत नवेकोरे चांदीचे वाळे वाजत होते. इशरतचा हात आपसूक पुढे गेला. तिने दोन्ही वाळे काढून फिजाच्या हातात ठेवले.

"अगो फुफी! अम्मीनी हौसेनं आणलेत राजापुरातून."

"हातात काय हवं ते घाल. आपल्या घरात पायात काही घालत नाहीत."

"का पण?"

"नाहीत म्हणजे नाहीत. माझ्या आजीनेही कधी घातलं नाही."

अली हसला. "इतिहासाच्या मॅडम, आणि कारण ठाऊक नाय?"

इशरत उत्तर द्यायला वळली. वाऱ्याने दगडावरचा पडदा अर्धा सरकला होता. तिनेच लिहून दिलेली ओळ दिसत होती: 'पायांतल्या बेड्या त्यांनी याच कातळावर फोडल्या.'

तिने ती पुन्हा एकदा वाचली.

"दे तिला इकडे," ती फिजाला म्हणाली. आयातला उचलून घेतलं, तिचा मोकळा घोटा मुठीत धरला, आणि जाऊन रिकाम्या खुर्चीवर बसली.

पुढच्या ओळींत कुजबुज सुरू झाली. बावीस घरांची एकवीस झाली होती.

अली तिथेच उभा होता. त्याने दगडावरची ओळ वाचली. मग आपल्या पोरीच्या पायांकडे पाहिलं. मग पहिल्या ओळीतली आपली घराण्याची खुर्ची उचलली आणि आणून फुफीला खेटून ठेवली.

"जरा सरक," तो म्हणाला. "फोटोत फिजापण यायला हवी."