दाब पूर्ण, रॉकर कोरडे

लाँचच्या इंजिनात तेलाच्या दाबाचा काटा साडेतीनवर होता आणि व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर कोरडे होते. सात आठवड्यांत हे तीन वेळा घडले.

पहिल्या दोन वेळी इंजिनावरचे टॅपेट कव्हर उघडल्यावर रॉकरचा तापून निळा पडलेला शाफ्ट दिसला होता. तिसऱ्या वेळी लाँच जलाशयाच्या मधोमध होती. तिसऱ्या सिलिंडरचा एक रॉकर शाफ्टला चिकटून बसला, त्याला खालून उचलणारा पुशरॉड वाकला, इंजिन दोनदा खोकून बंद पडले, आणि बावीस प्रवासी चाळीस मिनिटे वाऱ्याच्या मर्जीने खडकांकडे सरकत राहिले. मासेमारीच्या एका होडीने दोर टाकला म्हणून निभावले.

त्यामुळे आज तपासनीस आला होता. त्याच्या फॉर्मवरचा एकच रकाना कोरा होता. तिथे ‘यंत्रचालक कामास अयोग्य’ एवढे लिहिले की बाबांचा एकतीस वर्षांचा परवाना रद्द होणार होता. चार वाजता त्याला परतायचे होते, आणि रकाना भरूनच परतायचे होते.

बाबांच्या थोरल्या मुलीने, थोरलीने, आज रजा घेतली होती. तंत्रविद्यालयातली मोजमापाची प्रयोगशाळा ती सांभाळत असे, आणि जे मोजता येत नाही त्यावर मत देऊ नये असे विद्यार्थ्यांना बजावत असे. इंजिनाच्या खोलीत उभे राहायला जागा नव्हती. बाबा फळीवर बसले होते, तपासनीस शिडीच्या खालच्या पायरीवर, आणि सुकाणू सांभाळणारा तिचा धाकटा भाऊ वरच्या झडपेतून डोके आत घालून पालथा पडला होता.

तपासनिसाचे म्हणणे थोडक्यात असे होते. पंप ठीक, गाळणी ठीक, काटा ठीक. तरीही वरचे रॉकर जळतात. म्हणजे इंजिन कधीतरी तेलाविना चालवले गेले आणि नंतर गुपचूप भरले गेले. म्हातारपणी विसर पडतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. बाबांच्या हाताच्या कंपाकडे त्याने एकदा पाहिले आणि नजर काढून घेतली.

“मिस्त्री डोळ्यांत तेल घालून काम करतात, असं धक्क्यावर सगळेच सांगतात,” तो म्हणाला. “इंजिनात घालायचं तेवढं राहून जातं.”

धाकटा वरून म्हणाला की साहेबांच्या डोक्यातही थोडे घालून पाहावे, कुरकुर कमी होईल. थोरलीने त्याला गप्प केले.

तपासनिसाचा तर्क तिला सहज उडवून लावता येत नव्हता, कारण हाच संशय तिनेही घेतला होता. दुसऱ्या बिघाडानंतर तिने तेलाच्या कॅनवर पेन्सिलीची रेघ ओढली होती. पंधरा दिवसांनी तेल रेघेपाशीच होते. म्हणजे गुपचूप कोणी काही भरले नव्हते. हे तिने आता तपासनिसाला सांगितले. सांगताना तिने बाबांकडे पाहिले नाही.

“पाहिली होती मी ती रेघ,” बाबा शांतपणे म्हणाले. “कॅन तिरका होता तेव्हा. सपाट जागी ठेवून ओढायची.”

तपासनिसाने घड्याळ पाहिले. सव्वाबारा झाले होते.

थोरलीने कव्हर काढले. रचना साधी होती. खाली फिरणारा कॅम पुशरॉडला वर ढकलतो. पुशरॉड रॉकरचे एक टोक उचलतो. सी-सॉच्या फळीसारखे दुसरे टोक खाली जाते आणि व्हॉल्व्ह दाबून उघडते. आठ रॉकर एका पोकळ शाफ्टवर डुलत होते. शाफ्ट चार ठोकळ्यांवर टेकलेला, आणि प्रत्येक ठोकळ्यातून एक बोल्ट खाली इंजिनाच्या हेडमध्ये गेलेला. तेल पोकळ शाफ्टमधून प्रत्येक रॉकरपर्यंत पोहोचायला हवे होते. नवा रॉकर आणि नवा पुशरॉड कालच बसवले होते. धाकट्याने इंजिन चालू केले, आणि सहा मिनिटे सगळ्यांनी त्या डुलणाऱ्या आठ लोखंडी डोक्यांकडे पाहिले. बसवताना चोपडलेले तेल तेवढे चमकत होते. त्यात भर पडत नव्हती. काटा साडेतीनवर स्थिर होता.

बाबा म्हणाले की काटा पूर्वी सव्वातीनच्या वर कधी जात नसे. फेब्रुवारीतल्या मोठ्या दुरुस्तीनंतर तो साडेतीन दाखवू लागला आणि सगळ्यांना आनंद झाला. थोरलीलाही झाला होता. ती दुरुस्ती तिने स्वतः केली होती, वहीत मापे लिहून, एकेक भाग रॉकेलने धुऊन. आता तो पाव आकडा तिला खटकला. दाब वाढतो तो दोन कारणांनी. एक तर पंप जास्त देतो, नाहीतर कुठलीतरी वाट बंद होते. पंप तोच होता.

तिने शाफ्ट उतरवला. हेडमध्ये, दुसऱ्या ठोकळ्याच्या जागी, बोल्ट ज्यात जातो त्याच भोकाला खालून तेलाची वाट येऊन मिळत होती. धाकट्याने स्टार्टर फिरवला. विसाव्या सेकंदाला त्या भोकातून काळे तेल उमाळ्याने वर आले आणि हेडवर पसरले. म्हणजे इथवर वाट मोकळी होती.

मग तिने सुट्या शाफ्टमध्ये हवा भरली. आठही छिद्रांतून हवा सुटली. म्हणजे पुढची वाटही मोकळी होती.

“दोन्ही मोकळ्या,” तपासनीस म्हणाला. “मग उरलं काय, मॅडम? माणूसच उरतो.”

तिने शाफ्ट पुन्हा बसवला, चारही बोल्ट आवळले, स्टार्टर फिरवायला सांगितला. एक मिनिट. काहीच नाही. बॅटरी मंदावल्याचे धाकट्याने वरून कळवले आणि आणखी फार तर दोन वेळा फिरेल असे बजावले. तीन वाजायला आले होते.

सुटे असताना दोन्ही भाग मोकळे, जोडल्यावर बंद. जोडताना नवे येते ते काय? तिने स्वतःलाच हा प्रश्न परीक्षेत विचारल्यासारखा विचारला आणि त्याचे उत्तर हातातल्या पान्याकडे पाहूनच मिळाले. तिने दुसऱ्या ठोकळ्याचा बोल्ट काढला आणि व्हर्नियर मापकात धरला. दहा मिलिमीटर, वरपासून खालपर्यंत. भोक जेमतेम दहा आणि एक पंचमांश. या फटीतून झिरपू शकते ते तेल इंजिन थोडे दिवस जगवण्यापुरते होते, चालवण्यापुरते नव्हते.

बोल्ट बाहेर ठेवून स्टार्टर फिरवायला तिने सांगितले. उरलेल्या तीन बोल्टांवर शाफ्ट धरून राहिला, आणि रिकाम्या भोकातून तेल वर येऊन ठोकळ्यावरून ओघळले.

तपासनीस पायरीवरून उठला. तिच्या हातातला बोल्ट त्याने घेतला, उजेडात फिरवून पाहिला आणि हा तर नवाकोरा आहे असे म्हणाला. जुना कुठे आहे, आणि बदलला कुणी?

“मी बदलला,” बाबा म्हणाले.

तपासनिसाचे पेन फॉर्मकडे गेले. थोरलीला कळले की तिची चूक स्वतःवर घेऊन बाबा आपला परवाना तिच्या हातावर ठेवत आहेत, आणि आपण गप्प राहिलो तर तो स्वीकारला असे होईल.

“नाही,” ती म्हणाली. “फेब्रुवारीत मी बदलला. वही माझ्याकडे आहे.”

बाबांनी मध्येच काही बोलायचा प्रयत्न केला. तिने त्यांना हाताने थांबवले आणि वही उघडली. दुसरा बोल्ट, मधला भाग आठ मिलिमीटर, बाकी तीन दहा. शेरा: झीज, चारही बदलले. अक्षर तिचेच होते, टापटीप आणि ठाम. बाबांनी तो बोल्ट त्या दिवशी बोटांत धरून तिला दाखवला होता आणि हा पहिल्यापासून असाच आहे असे सांगितले होते. तिने त्यांना बारीक भागावर ताण कसा वाढतो ते समजावले होते, कागदावर आकृती काढून. बाबांनी आकृती लक्षपूर्वक पाहिली होती. मुलगी शिकलेली होती.

“मग सांगितलं का नाहीत, परत?” तिने विचारले.

“दोनदा काय सांगायचं,” बाबा म्हणाले. “मलाही कुठं माहीत होतं, का बारीक आहे ते. बारीक आहे एवढंच माहीत होतं.”

जुना बोल्ट भंगारात गेला होता. बाबांनी नवा बोल्ट शिकंज्यात धरला, कानस घेतली आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लांबीभर सपाटी काढू लागले. कानशीवर हात पडल्यावर त्यांच्या हाताचा कंप थांबला. तपासनीस ते पाहत होता. या वेळी त्याने नजर काढून घेतली नाही. चारला दहा मिनिटे असताना बोल्ट आवळला. धाकट्याने शेवटचा स्टार्टर मारला. इंजिन पकडले. काटा साडेतीनवरून थरथरत सव्वातीनवर आला, आणि अकराव्या सेकंदाला पहिल्या रॉकरच्या बगलेतून तेलाचा थेंब फुगून खाली पडला. मग दुसऱ्याच्या, मग आठही रॉकरांच्या.

तपासनिसाने फॉर्म थोरलीपुढे केला. कारण तुम्हीच लिहा, तो म्हणाला, मला एवढं नीट जमायचं नाही. तिने लिहिले:

रॉकर शाफ्टला जाणारे तेल दुसऱ्या ठोकळ्याच्या बोल्टभोवतीच्या पोकळीतून वर चढते. त्यासाठी हा बोल्ट मध्यभागी मुद्दाम बारीक घडवलेला असतो. फेब्रुवारीच्या दुरुस्तीत तो झिजलेला समजून त्या जागी पूर्ण जाडीचा बोल्ट बसवण्यात आला आणि तेलाची वाट जवळजवळ बंद झाली. दाबमापक या वाटेच्या अलीकडे असल्यामुळे दाब पूर्ण दिसत राहिला. चूक खाली सही करणारीची आहे. यंत्रचालकाने बोल्ट मुळात तसाच असल्याचे वेळीच सांगितले होते.