इंगाच्या रिव्हॉल्व्हरचा काटा

मी एक जुना काटा आहे. मॉन्टानातल्या इंगा हॉगनच्या छपरीत, कामाच्या बाकावर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, मी दारू तोलतो. नाकं मुरडू नका, बंदुकीची दारू! माझी पितळी दांडी इतकी हळवी आहे की बाकाजवळ कोणी शिंकलं तरी ती थरथरते. ज्याला तोलायचा कंटाळा, त्याने काडतुसं भरण्याच्या फंदात पडू नये. दारू जास्त झाली तर बंदूक हातातच फुटते.

मला घडवणाऱ्या कारागिराने माझा शेवटचा स्क्रू पिळला आणि मला एका खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते इंगाच्या नवऱ्याने, आर्विडने. हिवाळाभर दोघं बाकाशी बसत. इंगा शिसं वितळवून गोळ्या ओतायची. आर्विड माझ्या पारड्यात दारू तोलून काडतुसांच्या पितळी पुंगळ्या भरायचा. ही सगळी उठाठेव एका रिव्हॉल्व्हरसाठी होती. रुंद तोंडाचं, वजनदार, इंगाने माहेराहून आणलेलं, तिच्या वडिलांचं. दुकानातली काडतुसं त्याला सोसत नसत, कारण ती फार जोरकस आणि त्याचं पोलाद फार जुनं.

"इंगा, तू चुकशील, मी चुकेन, पण हा काटा चुकायचा नाही," आर्विड म्हणायचा. मी दिवसभर अभिमानाने फुगून बसायचो.

मग आर्विड गेला. त्याला पुरून आलेली माणसं स्वयंपाकघरात कॉफी पीत होती, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ मर्ल छपरीत शिरला आणि त्याने रिव्हॉल्व्हर उचललं. इंगा दारात आली.

"ते माझ्या वडिलांचं आहे, मर्ल."

"हॉगनांच्या घरातलं हत्यार हॉगनांकडेच बरं. बाईमाणसाला काय करायचंय?"

वळताना त्याचं कोपर लागून मी खाली पडलो. पारडं चेपलं. "जाऊ दे, भंगारच ते," तो म्हणाला आणि गेला. इंगाने अंगठ्याने दाबून माझं पारडं सरळ केलं. पण मर्लवर मी त्या दिवसापासून दात धरला. बाकावर धूळ खात पडलो होतो, मला दुसरं कामही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात स्वारी परत आली. एरवी नुसतं 'इंगा' म्हणणाऱ्याच्या तोंडी आज साखर होती.

"वहिनी, चार जुलैच्या नेमबाजीत दादाच्या जागी मी उतरतोय. तेवढी काडतुसं भरून दे ना."

"भरते की. पण मापं घ्यायला रिव्हॉल्व्हर इथे लागेल."

हे खरंच होतं. प्रत्येक जुन्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं बसायची घरं वेगळी असतात, मापं घेतल्याशिवाय गोळी बसत नाही. मर्लने मुकाट्याने ते बाकावर ठेवलं.

तो गेल्यावर इंगाने माझ्या पारड्यात नेहमीची दारू घातली. मग चमचा पुन्हा डब्यात बुडवला आणि आणखी तेवढीच घातली. माझी दांडी टणकन वर गेली. मी मनातून ओरडत होतो, 'भर बाई, भर! उडू दे त्याचा पंजा!' इंगाने चमचा खाली ठेवला.

"नको," ती मला म्हणाली. "मेला तर आर्विडच्या शेजारी पुरतील. तिथे माझी जागा आहे."

तिने सगळी दारू डब्यात ओतली. मी फार चिडलो. मग तिने नेहमीच्या वजनाची काडतुसं भरली, एकही खोट नसलेली. आणि त्यानंतर हातोडी घेऊन रिव्हॉल्व्हरच्या सहाही घरांत मऊ शिसं ठोकून ठोकून बसवलं. मग तेलकट फडक्यात ते घट्ट बांधून ठेवलं.

"मैदानावर पोचेपर्यंत सोडू नकोस हं, धूळ बसेल," मर्ल न्यायला आला तेव्हा तिने त्याला बजावलं.

आळशी माणसाला असला सल्ला लगेच पटतो.

चार जुलैला मर्ल दाणदाण पाय आपटत छपरीत आला. मागे शेजारचा म्हातारा कॉर्बिन हसून हसून डोळे पुसत होता.

"अगं इंगा, साऱ्या गावासमोर याने थाटात फडकं सोडलं, आणि काडतूस आत जाईना! पाद्रीसुद्धा हसला गं!"

"काढ ते शिसं!" मर्ल किंचाळला. "आत्ताच्या आत्ता!"

"घाईने पोलादाला चरे पडतील. ठेवून जा."

मर्लने रिव्हॉल्व्हर कॉर्बिनपुढे धरलं.

"मला कशाला दाखवतोस? हे कोणाचं आहे ते काडतुसं भरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. गावात कोणी याला हात लावणार नाही."

मर्लने रिव्हॉल्व्हर बाकावर, अगदी माझ्या पुढ्यात ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते.

"कधी मिळेल?"

"आर्विड परत आला की," इंगा म्हणाली.

मित्रांनो, काट्याला मऊ फडक्याने पुसावं, त्याला ओल लागू देऊ नये, आणि ज्याची वस्तू त्याला परत द्यावी. माफ करायलाही शिकावं म्हणतात. ते मोठ्या माणसांकडून शिका. मला विचाराल, तर मर्ल मान खाली घालून अंगण ओलांडत होता तेव्हा मला जे सुख झालं, ते मला अजून पुरतंय.