नाइराचा प्लास्टरचा जबडा

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे. घाबरू नका, हाडांचा नव्हे, प्लास्टरचा. कोचाबांबा शहरात दातांच्या डॉक्टर ओतिलिया यांच्या दवाखान्यातल्या कपाटात मी राहतो. माझ्या एका सुळ्याचा टवका उडाला आहे, पण दाढा अजून जशाच्या तशा आहेत. आणि माझी गोष्ट दाढांचीच आहे.

नाइरा नावाच्या शाळकरी मुलीच्या तोंडावरून मी घडलो. तिची आई, दोन्या रेमेदियोस, बाजारात चार्के विकायची. चार्के म्हणजे उन्हात वाळवून तळलेले चिवट मांस. सारा बाजार ते बोटे चाटत खाई आणि घरची मुलगी मात्र घास गालात धरून बसे, नाहीतर न चावताच गिळून टाकी. हल्ली तिची हनुवटीही एका बाजूला कलल्यासारखी दिसू लागली होती.

"मोत्यासारखे दात आहेत हिचे," आई डॉक्टरांना म्हणाली. "एक तरी वाकडा दिसतोय का? नुसते नखरे! एकाच बाजूनं रवंथ करत बसते, डोंगरातल्या त्या लामा जनावरासारखी."

"लामा तरी दोन्ही बाजूंनी चावतो, आई," नाइरा पुटपुटली.

डॉक्टरांना हसू आले. त्यांनी दातांमध्ये रंगीत कागद धरून तिला चावायला सांगितले. उजव्या दाढांवर निळे ठिपके उमटले. डाव्या दाढांवर एकही नाही! गाल ओढून पाहिले, तर वरची ओळ खालच्या ओळीच्या बाहेर. ती तर सगळ्यांचीच असते. मग ठिपके का नाहीत?

हे कोडे सुटेना, म्हणून माझा जन्म झाला. गुलाबी लगद्यात तिच्या दातांचा ठसा घेतला, त्यात प्लास्टर ओतले, आणि ते घट्ट झाल्यावर मी जगात आलो. मित्रांनो, मिटलेल्या तोंडात घशाच्या बाजूने कुणाला डोकावता येत नाही. माझ्यात मात्र येते. डॉक्टरांनी मला मिटले, पाठमोरे धरले, आणि त्या खुर्चीतून उठल्याच.

"दोन्या रेमेदियोस, इकडे या! आतून बघा."

डाव्या बाजूला खालच्या दाढा वरच्या दाढांच्या पार आत घसरल्या होत्या. कात्रीची पाती जशी शेजारून निघून जातात, तशा त्या एकमेकींना भेटतच नव्हत्या. असा चावा क्वचितच पाहायला मिळतो.

"म्हणजे ही खोटं बोलत नव्हती?" आईचा आवाज एकदम उतरला.

"नाही. आणि असंच राहू दिलं, तर वाढत्या वयात जबडाच वाकडा होईल. मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही."

उपचार सुरू झाले. वरच्या दाढेच्या बाहेरून खालच्या दाढेच्या आतल्या बाजूला एक छोटे रबर ताणून लावायचे. त्याने वरची दाढ आत यावी, खालची बाहेर. नाइरा रोज नवे रबर लावी. पण महिने गेले तरी दाढा जागच्या हलेनात.

"रबर लावतेस ना गं?" डॉक्टरांनी विचारले.

"लावते."

"शाळेत काढून ठेवत असेल, दुसरं काय!" आई म्हणाली.

नाइराने तोंड उघडले. रबर जागेवर होते. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी तरळले.

डॉक्टर ओशाळल्या. त्यांनी पुन्हा मला हातात घेतले. मिटलेल्या अवस्थेत माझ्या डावीकडच्या वरच्या दाढेला नखाने आत रेटून पाहिले. ती खालच्या दाढेला अडत होती. मग उजव्या दाढांमध्ये कागदाची घडी ठेवून पाहिली, आणि डाव्या दाढांमध्ये फट पडली.

"चुकलं माझं, पोरी," त्या म्हणाल्या. "प्रत्येक घासाला दाढा पुन्हा एकमेकींत अडकत होत्या. आधी त्यांना वाट करून द्यायला हवी होती."

उजव्या दाढांवर त्यांनी, त्या कागदाच्या घडीसारखे, निळ्या सिमेंटचे छोटे उंचवटे चिकटवले. आता नाइराला काहीच धड चावता येईना. तेव्हा जी आई रोज तिला टोमणे मारी, ती चार्के पाट्यावर कुटून सूपमध्ये घालू लागली. "अगं, हळू पी, भाजेल," असे म्हणत समोर बसू लागली. दाढा हळूहळू सरकल्या. एके दिवशी उंचवटे काढले, आणि डावीकडच्या दाढा पहिल्यांदा एकमेकींवर टेकल्या. दाताला दात लागल्याचा तो आवाज नाइरा कितीतरी वेळ पुन्हा पुन्हा करून ऐकत राहिली.

मग तिचा नवा, सुरेख जबडा प्लास्टरमध्ये घडला. सगळे त्याचेच कौतुक करू लागले आणि मी मागे ढकलला गेलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? एकदा आवराआवरीत मला टाकून द्यायचेही ठरले. सुळ्याचा टवका तेव्हाच उडाला.

नेमकी त्याच वेळी दोन्या रेमेदियोस आली होती. तिने मला टोपलीतून उचलले, पदरासारख्या पांघरलेल्या शालीने पुसले आणि टेबलावर ठेवले.

"याला टाकू नका, डॉक्टर. उद्या आणखी कुणाची आई येईल आणि म्हणेल, पोर नखरे करतंय. तिला हा दाखवा. आतून."

तेव्हापासून मी पुढच्या फळीवर आहे. मित्रांनो, मला उचलताना दोन्ही हातांनी धरा. आणि तुमच्या घरी कुणी घास गालात धरून बसले असेल, तर रागावण्याआधी त्याला एवढेच विचारा: कुठे अडतंय रे तुला?